३१० ग्रेडचे उष्णतासह पोलाद : कॅटलॉगमधले ११५० अंश आणि भट्टीतले तास

३१० हा स्टेनलेस स्टीलचा ग्रेड भट्टीच्या कामासाठी बहुतेक ठिकाणी डोळे झाकून निवडला जातो. मफल (भट्टीच्या आतली, सामान ठेवण्याची बंद पेटी), ट्रे, बास्केट, उष्णता अडवणारे पत्रे, थर्मोकपलच्या (तापमान मोजणाऱ्या तारांच्या जोडीच्या) नळ्या असे काहीही करायचे झाले की ‘३१० वापरा’ हा सल्ला मिळतो आणि त्याच्या पुष्ट्यर्थ कॅटलॉगमधला ११५० अंश सेल्सियसचा आकडा पुढे केला जातो. हा आकडा खोटा नाही, पण तो अर्धाच आहे. तो कोणत्या वातावरणातला, किती तासांचा, अंगावर किती भार असतानाचा आणि मध्ये किती वेळा थंड होऊ दिल्यावरचा, याविषयी कॅटलॉग सहसा गप्प असतो. हीट ट्रीटमेंटच्या, म्हणजे धातू तापवून-थंड करून त्याचे गुण बदलण्याच्या, भट्ट्यांमध्ये या ग्रेडचे, त्यातही कमी कार्बनच्या ३१०एसचे, सामान दीर्घकाळ वापरल्यानंतर माझे मत असे झाले आहे की मोकळ्या हवेत, स्थिर तापमानाला, ९०० ते १०५० अंशांच्या पट्ट्यात आणि हलक्या भाराखाली हे पोलाद उत्तम काम देते. मात्र ६५० ते ९०० अंशांत महिनोन्‌महिने राहून वरचेवर थंड होणाऱ्या सामानासाठी ते घेऊ नये. जे पोलाद हजार अंशांना टिकते ते साडेसातशे अंशांना दगा देते, हे ऐकायला विपरीत वाटेल. त्याचे कारण या पोलादाच्या घटकांमध्येच आहे.

आधी एक सार्वत्रिक गैरसमज दूर करायला हवा. उष्णतेत टिकणे म्हणजे उशिरा वितळणे नव्हे. साधे ३०४ आणि ३१० या दोन्ही ग्रेडचा वितळण्याचा पट्टा जवळपास सारखाच, सुमारे १४०० ते १४५० अंशांचा आहे. तरीही भट्टीत ३०४ कितीतरी लवकर संपते. फरक पडतो तो घटकांच्या प्रमाणाने. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असते, तर ३१० मध्ये २४ ते २६ टक्के क्रोमियम आणि १९ ते २२ टक्के निकेल. क्रोमियम पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा दाट, चिकटून राहणारा पापुद्रा तयार करते आणि हा पापुद्राच आतल्या लोखंडाचे हवेपासून रक्षण करतो. निकेल पोलादाची ऑस्टेनाइट ही अणूंची विशिष्ट रचना टिकवून धरते, त्यामुळे तापल्यावरही ते फारसे लिबलिबीत होत नाही, आणि पापुद्रा धातूला धरून राहण्यासही निकेलची मदत होते. सिलिकॉन थोडेच असते, पण क्रोमियमच्या पापुद्र्याखाली स्वतःचा एक पातळ थर घालून ते संरक्षणात भर टाकते. दीड ते अडीच टक्के सिलिकॉन असलेला ३१४ हा ग्रेड याच हेतूने केला गेला. त्याची दुसरी बाजू पुढे येईलच.

या संरक्षणाला काळाची मर्यादा कशी पडते, हे समजले की कॅटलॉगचा आकडा वाचण्याची दृष्टी बदलते. पापुद्रा जाड होत जातो तसतसा ऑक्सिजनचा आणि धातूच्या अणूंचा त्यातून होणारा प्रवास लांबतो, म्हणून वाढीचा वेग आपोआप मंदावतो. पापुद्र्याची जाडी दुप्पट व्हायला चौपट वेळ लागतो, हा या प्रक्रियेचा ढोबळ नियम आहे. हाच नियम शेवटपर्यंत टिकला असता तर कोणताही पत्रा वर्षानुवर्षे टिकला असता. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण पापुद्र्यासाठी लागणारे क्रोमियम खालच्या धातूतूनच येते आणि पृष्ठभागालगतचा धातू क्रोमियमच्या बाबतीत हळूहळू गरीब होत जातो. त्यातच सुमारे १००० अंशांच्या वर क्रोमियम ऑक्साइड थोडेथोडे वायुरूप होऊन उडू लागते. वाहती आणि दमट हवा असेल तर अधिकच. भट्टी थंड झाली की पापुद्रा तडकून सुटतो आणि तो पुन्हा भरण्यासाठी नव्याने क्रोमियम खर्च होते. शिल्लक क्रोमियम पुरेनासे झाले की लोखंडाचे ऑक्साइड तयार होऊ लागते आणि तिथून पुढचा नाश फार झपाट्याने होतो. म्हणूनच एकाच ग्रेडच्या, एकाच भट्टीतल्या दोन पत्र्यांपैकी पातळ पत्रा केवळ जाडीच्या प्रमाणात नव्हे, तर त्याहूनही लवकर संपतो. पातळ जाळी आणि पातळ मफल यांच्याबाबत ग्रेड बदलण्याआधी जाडी वाढवून पाहावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

थंड होण्याचा हा मुद्दा इतका महत्त्वाचा आहे की जाणकार तक्त्यांमध्ये प्रत्येक ग्रेडसाठी दोन आकडे दिलेले असतात: एक सतत वापरासाठी आणि एक खंडित वापरासाठी. ३१० साठी ते अनुक्रमे ११५० आणि १०३५ अंश आहेत, ३०४ साठी ९२५ आणि ८७०. म्हणजे सतत तापलेले ठेवले तर ते अधिक तापमान सोसते आणि सारखे थंड केले तर कमी. पण २३ ते २७ टक्के क्रोमियमच्या आणि जवळपास निकेलरहित अशा ४४६ या ग्रेडपाशी आलो की आकडे उलटतात: सतत वापरासाठी १०९५ आणि खंडित वापरासाठी ११७५. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही छपाईची चूक वाटते. कारण मात्र साधे आहे. ३१० सारखे ऑस्टेनिटिक, म्हणजे ऑस्टेनाइट रचनेचे, पोलाद तापल्यावर पुष्कळ प्रसरण पावते. एक मीटर लांबीची पट्टी १००० अंशांना सुमारे १८ ते १९ मिलिमीटरने लांबते. वरचा ऑक्साइडचा पापुद्रा त्याच्या निम्म्यानेच वाढतो आणि आकसतो. थंड होताना खालचा धातू भराभर आकसतो, वरच्या पापुद्र्याला ते जमत नाही आणि तो सुटून पडतो. ४४६ सारख्या फेरिटिक, म्हणजे फेराइट या वेगळ्या रचनेच्या, पोलादाचे प्रसरण बरेच कमी असल्याने त्याचा पापुद्रा या ओढाताणीत टिकून राहतो. तेव्हा खरेदी करताना विक्रेत्याने सांगितलेला आकडा यांपैकी कोणता, हे विचारावे. भट्टी रोज बंद होत असेल तर ११५० हा आकडा आपल्या उपयोगाचा नाही, १०३५ आहे.

आता ज्या दोषामुळे मी ३१० ला सरसकट शिफारस देत नाही, त्याकडे वळतो. ६०० ते ९०० अंशांच्या पट्ट्यात दीर्घकाळ राहिलेल्या या पोलादात लोखंड आणि क्रोमियम एकत्र येऊन सिग्मा नावाची एक वेगळी, कठीण आणि ठिसूळ रचना धातूतल्या स्फटिककणांच्या सीमांवर साचू लागते. क्रोमियम जितके जास्त तितकी ही प्रवृत्ती जास्त. सिलिकॉन तिला आणखी चालना देते आणि निकेल तिला आवर घालते. म्हणजे ज्या क्रोमियमच्या आणि सिलिकॉनच्या बळावर हे पोलाद हवेपुढे टिकते, तेच घटक या मधल्या पट्ट्यात त्याला आतून ठिसूळ करतात. ३१० मधले २० टक्के निकेल २५ टक्के क्रोमियमला पुरेसा आवर घालू शकत नाही. सिलिकॉन वाढवलेले ३१४ या बाबतीत आणखी नाजूक ठरते. १०५० अंशांना मात्र सिग्मा टिकतच नाही, ती विरघळून जाते. त्यामुळे सतत अधिक तापणारा मफल निर्धोक राहतो आणि त्याच भट्टीच्या दाराजवळचा, तुलनेने थंड राहणारा पत्रा ठिसूळ होतो.

यातली फसवी गोष्ट अशी की भट्टीत तापलेले असेपर्यंत सिग्मा झालेले सामान व्यवस्थित काम करते. त्या तापमानाला त्याच्यात पुरेसा चिवटपणा शिल्लक असतो. ते थंड झाले की दोष बाहेर येतो. वाकलेला ट्रे सरळ करण्यासाठी हातोडा घातला, बास्केट जमिनीवर जरा जोरात आदळले किंवा तापलेले बास्केट तेलात बुडवले की तडा जातो, आणि तुटलेल्या जागी धातू ताणल्याची खूण जवळजवळ दिसत नाही. बाहेरून काहीच कळत नाही. सिग्मा चुंबकाला ओढली जात नाही, त्यामुळे चुंबक लावून पाहण्याची सवयही इथे कामाची नाही. खात्री करायची तर नमुना घासून, आम्लाने कोरून सूक्ष्मदर्शकाखालीच पाहावा लागतो. ७५० ते ८५० अंशांना तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवण्याच्या बास्केटसाठी ३१० वापरणे मला म्हणूनच पटत नाही. त्या कामात या पोलादाचे दोन्ही दुबळे मुद्दे, सिग्मा आणि वारंवार थंड होणे, एकाच वेळी पणाला लागतात.

भार वाहण्याच्या बाबतीत ३१० ला मी मध्यम म्हणेन. तापलेला धातू त्याच्या ताकदीच्या कितीतरी आतल्या भाराखालीही हळूहळू, पण सतत ताणला जातो. त्याला क्रीप म्हणतात. दोन टेकूंवर ठेवलेल्या आडव्या सळईला कालांतराने झोळ येतो तो याच कारणाने. क्रीपमध्ये तापमान आणि वेळ हे एकमेकांचे पर्याय असतात, आणि त्यांचा हिशेब मांडण्यासाठी लार्सन आणि मिलर यांनी १९५२ साली मांडलेले सूत्र आजही वापरले जाते: केल्विनमधले तापमान गुणिले, वीस अधिक तासांच्या संख्येचा दहाच्या पायाचा लॉगॅरिदम. वीस हा स्थिरांक मिश्रधातूनुसार थोडा बदलतो, पण अंदाज घ्यायला पुरेसा आहे. समजा, ठरावीक भाराखाली एखादा भाग ६२७ अंशांना, म्हणजे ९०० केल्विनला, एक लाख तास टिकतो. सूत्रात आकडे घालून पाहिले तर त्याच भाराखाली केवळ १० अंश अधिक तापमानाला तो सुमारे ५३ हजार तास टिकेल आणि २० अंश अधिक असेल तर सुमारे साडेअठ्ठावीस हजार. दहा अंशांत आयुष्य जवळजवळ निम्मे होते. प्रेशर व्हेसलच्या, म्हणजे दाबाखालच्या टाक्यांच्या, अमेरिकी संहितेत या तापमानांसाठी सुरक्षित ताण ठरवताना एक लाख तासांनंतर तुटण्याचा ताण हिशेबात धरला जातो. एक लाख तास म्हणजे अखंड चालवल्यास साडेअकरा वर्षांहून किंचित कमी. ज्या कॅटलॉगमध्ये ताकदीचा आकडा अशा तासांशिवाय, केवळ काही मिनिटांच्या ताण-चाचणीतून आलेला असेल, त्याच्यावर भट्टीच्या सामानाची रचना करू नये.

दहा अंशांचा हा प्रश्न पुस्तकी नाही, कारण भट्टीचे तापमान मोजणारा थर्मोकपलही मिश्रधातूचाच असतो आणि तोही जुना होतो. के प्रकारच्या थर्मोकपलची एक तार निकेल-क्रोमियमची असते. बंद, अरुंद नळीत, ऑक्सिजन अपुरा असताना, साधारण ८०० ते १००० अंशांच्या आसपास तिच्यातले क्रोमियम निवडकपणे ऑक्सिडाइझ होऊन तार आतून हिरवट पोखरली जाते. असा थर्मोकपल खऱ्यापेक्षा कमी तापमान दाखवतो, नियंत्रक भट्टीला आणखी उष्णता देतो आणि आतले सामान नोंदवहीत लिहिलेल्या तापमानापेक्षा अधिक तापते. पोलाद लवकर गेले अशी तक्रार करण्यापूर्वी थर्मोकपल तपासून घ्यावा.

वातावरणाबद्दल थोडक्यात. कार्बन असलेल्या वातावरणात ३१० फार काळ तग धरत नाही. कार्बन आत शिरून क्रोमियमला कार्बाइडमध्ये अडकवतो आणि पोलाद ठिसूळ होते. इथे मात्र चुंबक उपयोगी पडतो, कारण क्रोमियम गमावलेला थर चुंबकाला ओढला जाऊ लागतो. गंधकाचे संयुग असलेल्या आणि ऑक्सिजन कमी असलेल्या वायूत उलट अडचण होते. निकेल आणि त्याचे सल्फाइड यांचे मिश्रण सुमारे ६४० अंशांनाच वितळते, त्यामुळे ७२ टक्क्यांहून अधिक निकेल असलेला इन्कोनेल ६०० हा मिश्रधातू तिथे ३१० पेक्षाही आधी शरण येतो, आणि निकेल नसलेले ४४६ अधिक टिकते. महागडा ग्रेड म्हणजे सर्वत्र चांगला ग्रेड, हे समीकरण इथे सपशेल कोसळते.

पर्यायांपैकी २५३ एमए या ग्रेडने माझे मत सर्वाधिक अनुकूल करून घेतले. त्याच्यात क्रोमियम केवळ २१ टक्के आणि निकेल ११ टक्के, म्हणजे कागदावर ते ३१० पेक्षा हलके वाटते. पण त्यात सुमारे १.७ टक्के सिलिकॉन, थोडा नायट्रोजन आणि अत्यल्प, शेकडा ०.०५ च्या आसपास, सिरियम असते. सिरियमसारख्या मूलद्रव्याचा एवढासा अंशही ऑक्साइडचा पापुद्रा धातूला घट्ट धरून ठेवतो आणि थंड होताना तो सुटण्याचे प्रमाण लक्षणीय कमी होते. नायट्रोजनमुळे क्रीपला तोंड देण्याची ताकद वाढते आणि सिग्माची वाढही मंदावते. ती अजिबात होत नाही, असे मात्र समजू नये. रोज बंद-चालू होणाऱ्या, हवेच्या वातावरणातल्या भट्टीत ट्रे आणि टेकूंसाठी मी ३१० च्या आधी याचा विचार करतो. ते सहज मिळत नाही आणि हव्या त्या जाडीत तर नाहीच, ही त्याची खरी अडचण.

तापवून बुडवण्याच्या बास्केटसाठी ३३० योग्य. त्यातले सुमारे ३५ टक्के निकेल सिग्माला जवळजवळ वावच ठेवत नाही, आणि निकेल-सिलिकॉनच्या जोडीमुळे कार्बनही सहजी आत शिरत नाही. भार मोठा आणि तापमान ६०० ते ९०० अंशांचे असेल तर इन्कोलॉय ८००एच हे निकेल-लोखंड-क्रोमियमचे मिश्रण पाहावे. त्यात कार्बन मुद्दाम ०.०५ ते ०.१० टक्के राखलेला आणि कण मोठे ठेवलेले असतात, कारण क्रीपमध्ये मोठे कण टिकाऊ ठरतात. ११०० अंशांच्या पुढे सतत काम असेल तर इन्कोनेल ६०१ चा विचार करावा. त्यातल्या १ ते १.७ टक्के ॲल्युमिनियममुळे पापुद्र्याला आतून आधार मिळतो. हे सारे ग्रेड ३१० पेक्षा जड किमतीचे आहेत आणि पुष्कळ कामांना त्यांची गरज नसते. स्थिर तापमानाचा मफल, उष्णता परतवणारे पत्रे, थर्मोकपलच्या नळ्या यांसाठी ३१०एस सोडून दुसरीकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

माल घेताना टेस्ट सर्टिफिकेट नुसते फाइलला लावू नये, वाचावे. २४.१ टक्के क्रोमियम आणि १९.१ टक्के निकेल असलेला पत्राही नियमाने ३१०एसच असतो, आणि निकेल महाग असल्याने बहुतेक माल खालच्या मर्यादेकडेच झुकलेला आढळतो. सिलिकॉनचा आकडा तर दोन्ही बाजूंनी महत्त्वाचा आहे: हजार अंशांच्या कामाला तो वरच्या बाजूचा असलेला बरा, साडेसातशे अंशांच्या कामाला खालच्या बाजूचा. हातात धरून चालवण्याच्या क्ष-किरण यंत्राने क्रोमियम आणि निकेल झटकन कळते, पण कार्बन त्याला दिसतच नाही. ०.०८ टक्क्यांपर्यंत कार्बन असलेले ३१०एस आणि क्रीपसाठी ०.०४ ते ०.१० टक्के कार्बन राखलेले ३१०एच यांत फरक करायचा असेल, तर ठिणगीच्या स्पेक्ट्रोमीटरवर नमुना द्यावा.

वेल्डिंगबाबत नव्या मालाची तक्रार नाही, एवढेच की हे पोलाद पूर्णपणे ऑस्टेनिटिक असल्याने सांधा गरम असतानाच बारीक तडे जाण्याकडे त्याचा कल असतो. कमी उष्णता, वेल्डचे अरुंद टाके आणि दोन थरांमध्ये थंड होऊ देणे हे पथ्य पाळावे. जुन्या मालाची गोष्ट वेगळी. मधल्या पट्ट्यात दीर्घकाळ तापलेला ट्रे तसाच वेल्ड केला तर टाक्याच्या शेजारी नवा तडा निघतो. तो आधी १०५० ते ११०० अंशांना जाडीनुसार पुरेसा वेळ ठेवून, सिग्मा विरघळवून, झपाट्याने थंड करावा, मग सरळ करावा आणि त्यानंतरच टाके घालावेत. एवढे करूनही पृष्ठभागालगतचे गमावलेले क्रोमियम परत येत नाही. म्हणून कडा पोखरलेल्या, पापुद्रे सुटून जाडी स्पष्टपणे घटलेल्या ट्रेवर ही मेहनत न करता तो भंगारात काढावा. जाडी शाबूत असलेल्या, फक्त ठिसूळ झालेल्या सामानावर मात्र ती करण्यासारखी आहे.